कंपनीचा माणूस

आम्ही चार भावंडं, आणि चौघांचेही वाढदिवस फाल्गुन ते वैशाख या तीन महिन्यांत येतात. गावात यावरून आम्हाला चिडवत, आणि बरीच मोठी होईपर्यंत त्यात चिडवण्यासारखं काय आहे हे मला कळत नव्हतं. आमचे वडील, म्हणजे आबा, कोकण किनाऱ्याने चालणाऱ्या आगबोटींच्या एका कंपनीत खलाशी होते. पावसाळ्यात समुद्र खवळला की कंपनी बोटी गोदीत बांधून ठेवी आणि खलाशांना घरी धाडी. आबा मुंबईहून पूर्णेला येत, पूर्णेहून छोट्या गाडीने हिंगोलीला, आणि तिथून सेनगावच्या पुढे आमच्या गावी. पेरणीला ते शेतात उभे असत. नारळी पौर्णिमा झाली की कंपनीचं बोलावणं येई, कारण गणपतीची गर्दी सुरू होण्याआधी बोटींचा गंज खरवडून त्यांना रंग द्यायचा असे. ते जात, आणि पुढच्या पेरणीपर्यंत घरात त्यांचं फक्त नाव असे.

हिंगोलीकडचा माणूस आगबोटीवर कसा गेला, हे सगळेच विचारतात. आमचं घर शेळ्या-मेंढ्यांचं. आबा विशीत असताना बकऱ्यांचा एक कळप विकायला मुंबईला गेले. त्यातल्या काही बकऱ्या बोटीने खालच्या बंदरांना जायच्या होत्या. त्या फळीवरून चढेनात, तेव्हा आबांनी पुढची एक उचलून खांद्यावर घेतली आणि बाकीच्या तिच्यामागे निमूट चढल्या. बोटीच्या सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, आबांना तिथेच ठेवून घेतलं. बोटीवर सगळे कोकणातले. आबांना ते घाटी म्हणत. पण या घाट्याला बोट लागली नाही, भर वाऱ्यातही तो कधी ओकला नाही, म्हणून टिकला.

हे मला फार उशिरा कळलं. आमच्या लहानपणी आबा बोटींबद्दल एक अक्षर काढत नसत. आले की कामाला जुंपून घेत. पेरणी, डवरणी, खुरपणी, वर गळणारं छप्पर. माय आणि ते दिवसभर चिखलात, आणि अंधार पडला की दोघं जेवून आडवी होत. कंपनीच्या तीन बोटी होत्या. माय त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायची, घरातल्या सुनांना म्हणतात तसं. "त्या तिघींचं बोलावणं आलं," असं म्हणून ती वाटेच्या भाकरी थापायला बसे. हे ती हसत म्हणे. मी तिच्या त्या हसण्यावर कधी विश्वास ठेवला नाही. दिवाळी, संक्रांत, कापसाची वेचणी, नणंदांची लग्नं, सासूचं मरण, हे सगळं तिने एकटीने काढलं. मला आबांचा राग होता, आणि पुढे शिक्षिका झाल्यावरही तो मी व्यवस्थित सांभाळून ठेवला होता.

मग कंपनी बंद पडली. आबा पत्र्याची पेटी घेऊन कायमचे घरी आले. त्याला आता तीसएक वर्षं झाली. या सगळ्या वर्षांत ते घरीच आहेत. त्यांनी मेंढरं राखली, तुरीची राखण केली, माझ्या भावाची मुलं कडेवर खेळवली. दर दिवाळीत पाडव्याला मायने त्यांना ओवाळलं. फार बोलणारं जोडपं ते कधीच नव्हतं, पण चहा दोघं एका वेळी पीत.

मायचं विसरणं तीन-चार वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी गॅसवरचं दूध, मग नातवंडांची नावं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि सांभाळून घ्या म्हणाले. आबांवर ती पूर्वीसारखीच खेकसत होती, त्यामुळे अजून बरंच शिल्लक आहे असं आम्ही धरून चाललो होतो. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि दोन-चार दिवसांनी भावाचा फोन आला, की माय आबांकडे बघेना झालीये, तू येऊन जा.

मी वसमतला असते. रविवारी सकाळच्या एसटीने गेले. माय ओट्यावर बसली होती. आबा मेंढरांना पाला टाकून अंगणात आले, तसा तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भावजयीला हळूच विचारलं, "कोण पाव्हणे हायेत? पाणी दिलं का त्यायला?"

"आबा हायेत ते, माय," मी म्हणाले.

"येडी का काय तू? पुनव होऊन गेली की. ते गेले बोटीवर."

आवाज अगदी स्वच्छ होता. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिने याच माणसाला तंबाखूवरून झापलं होतं. आता तिच्या डोक्यात कंपनी सुरू झाली होती, आणि कंपनी सुरू असताना नवरा घरात असणं शक्यच नव्हतं. आमच्या घराची रीत तशीच होती. सबंध तरुणपण तिने त्या रितीने काढलं होतं.

मला चुका दुरुस्त करायची जन्माची खोड आहे. मी भावाच्या लग्नातला फोटो भिंतीवरून काढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि आबांना तिच्यासमोर उभं केलं. "बघ, हे आणि हे एकच की नाही?" तिने फोटोकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग तिने माझा हात घट्ट धरला.

"खरं सांगा मला. बोट बुडाली का? माहा माणूस गेला म्हणून ह्या पाव्हण्यायला त्यायच्या जागी उभं करून राहिलात का?"

ती दुपारभर रडत होती. त्यानंतर घरात कुणी तिला खरं सांगायला गेलं नाही.

त्या दिवशी आबा माझ्यामागे गोठ्याकडे आले. "तू शिकलेली हायेस. मला एवढं सांग. तीस वर्सं मी घरीच हाओ. ती कुठं गेली?" माझ्या उत्तरासाठी ते थांबले नाहीत. "मी नव्हतो ती वर्सं तेवढी ठिवली तिनं," ते म्हणाले. "व्हतो ती समदी टाकून दिली." माझ्या रागाला इतक्या वर्षांनी हवं ते मिळालं होतं, आणि मला ते अजिबात नको होतं. मी त्यांच्याजवळ उभी राहिले, एवढंच.

प्रश्न नुसता ओळखीचा नव्हता. दिवसा भाऊ आणि भावजय शेतात असत. मायचे गुडघे गेलेले. तिला उठवायला, न्हाणीपर्यंत न्यायला माणूस लागे, आणि घरात माणूस एकच होता. तो जवळ आला की ती अंग चोरायची. पुढच्या रविवारी मी गेले होते, तेव्हा ओट्याच्या पायरीवर ती अर्धी उठलेली आणि अर्धी बसलेली अशी अडकली. आबांनी हात पुढे केला.

"परक्या माणसाचा हात धरू का मी?" ती चिडून म्हणाली.

मी आतून धावत आले होते, पण आबांनी मला डोळ्यांनी थांबवलं. मग ते एका निराळ्याच आवाजात बोलले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा, मोकळा, लांबवर जाणारा.

"बाई, मी बोटीवरचा माणूस हाय. बोटीवर समद्या बाया हात धरतेत, त्यात लाज न्हाई. मनगट द्या. पंजा नका देऊ, वल्ला पंजा निसटतो."

ते त्यांचं कामच होतं. लहान बंदरांना धक्का नसे. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लाकडी होड्या, माणसं भरून तिच्या अंगाला येऊन लागत. पडाव लाटेबरोबर वर-खाली होई. आबा बोटीच्या दारात उभे राहून एकेकाला आत ओढून घेत. पडाव वर येत असताना ओढायचं नाही. वर येऊन तो क्षणभर थांबतो, तेव्हा ओढायचं. पोटुशा बाया, म्हाताऱ्या, नवऱ्या मुली, सगळ्यांची मनगटं त्यांनी धरली होती. मायचं मनगट त्यांनी धरलं, ती जरा सावरेपर्यंत थांबले, आणि ती अलगद उभी राहिली.

उभी राहिल्यावर तिने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"त्यायच्याच बोटीवरचे का तुमी?"

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय."

"कसे हायेत ते?"

"बरे हायेत."

"भाकर भेटती का?"

"भात भेटतो. मासळी भेटती."

"मासळीचा वास येतो म्हणायचे," ती म्हणाली आणि हसली. "मंग बसा की. उभे काहून?"

तेव्हापासून आबा घरात कंपनीचा माणूस म्हणून राहू लागले. माय त्यांच्या हातून गोळ्या घेई, त्यांच्या आधाराने न्हाणीपर्यंत जाई. त्याबद्दल त्यांना एकच गोष्ट द्यावी लागे, बोटीची खबर. नवऱ्याची खबर दोन वाक्यांत संपायची, मग ती विचारी, "आन् त्या तिघी?" अशा रीतीने, आम्हाला जे उभ्या जन्मात ऐकायला मिळालं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. मी आता दर शनिवारी जाऊन राहू लागले. भाजी निवडायचं निमित्त करून मी ऐकत बसे.

कंपनी निघाली ती आबांच्या जन्माआधी. किनाऱ्यावरच्या काही व्यापाऱ्यांनी मिळून दुसऱ्याने टाकून दिलेली एक बोट घेतली, तीच थोरली. ती कोळसा खाई आणि धूर प्रवाशांच्या अंगावर सोडी. पांढऱ्या धोतरात चढलेला माणूस काळ्या धोतरात उतरायचा. "मंग धुवायचं कोणी?" मायने विचारलं. मधली लढाईच्या वेळी सरकारने नेली. परत आली ती डाव्या अंगाला जराशी कललेली, आणि कितीही दुरुस्ती केली तरी शेवटपर्यंत तशीच चालली. तिच्यावरचे जुने खलाशी जमिनीवरही कलून उभे राहत, असं आबांनी सांगितलं आणि उठून करून दाखवलं. माय पदर तोंडाला लावून हसली. धाकटी तेलावर चाले. तिला वरच्या वर्गात पंखे होते, आणि आबा काम करायचे ते तिच्यावर.

गणपतीला गिरणीतली माणसं मांडीला मांडी लावून गावाला जात. चैत्र-वैशाखात परतीच्या बोटीवर आंब्याच्या पेट्या इतक्या चढत, की सारी बोट गोड वासाने भरून जाई आणि खलाशांची डोकी दुखत. एका बंदरात एक बाळंतीण पडावातच मोकळी झाली होती; आबांनी आधी बाळ वर घेतलं, मग आई. "लेकरू जगलं का?" मायने विचारलं. "जगलं. पोरगं व्हतं." तेवढ्याने तिला दिवसभर बरं वाटलं.

दिवाळी आली. पाडव्याच्या दिवशी भावजयीने भावाला ओवाळलं. माय खाटेवरून पाहत होती. मग ती आबांना म्हणाली, "एक निरोप सांगाल का त्यायला?"

"सांगा."

"म्हणावं, दिवाळीला येत जा. पैसे नगं, लुगडं नगं. आज बायकोनं नवऱ्याला ववाळायचं आसतंय. मी कोणाला ववाळू? पावसाळ्यात येतेत ते, तवा मान वर करायला सवड न्हाई. भांडायचं बी राहून गेलं माहं. बराबर सांगा. इसरू नका."

"न्हाई इसरत," आबा म्हणाले. ते खाली बघत होते. त्यांच्या कपाळाला ओवाळताना लावलेल्या कुंकवाचे तीस पाडवे तिच्यापाशी उरले नव्हते, आणि त्यांच्यापाशी ते सगळे होते. मला त्या दिवशी मायपेक्षा आबांची जास्त कीव आली, आणि असं काही माझ्या बाबतीत घडेल असं मला वाटलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला आबांची गोष्ट शेवटाकडे आली. पुढे सांगण्यासारखं काही चांगलं नव्हतं. खाड्यांवर पूल झाले, एसटी थेट गावात जाऊ लागली, पुढे रेल्वेचंही काम निघालं. बंदरांत गाळ भरत गेला आणि बोट दरवर्षी आणखी लांब उभी राहू लागली. एवढ्या मोठ्या धाकटीवर कधी कधी पन्नास माणसंही नसत. थोरली आधी मोडीत निघाली. भरतीच्या वेळी तिला किनाऱ्यावर चढवली आणि ओहोटीला माणसं लोखंड कापायच्या गॅसच्या बत्त्या घेऊन तिच्या अंगावर चढली. आबा ते बघायला थांबले होते. हे त्यांनी मला गोठ्याजवळ सांगितलं, मायला नाही.

मायपुढे त्यांनी चौथी बोट आणली. मला ते असह्य झालं.

"आबा, किती खोटं बोलाल?"

"मंग बुडवू का तिघींनाबी?" ते माझ्यावर ओरडले. आजवर ते माझ्यावर ओरडलेले मला आठवत नाही. "कंपनी बंद पडली म्हणून सांगितलं, तर माहा माणूस घरी काहून आला न्हाई म्हणंल. काय सांगू? पाऊस पडस्तोवर चालवायच्या हायेत मला त्या."

तेव्हा मला त्यांचा हिशेब कळला. पावसाळ्यात नवरा घरी येतो, ही गोष्ट अजून तिच्या डोक्यात पक्की होती. पाऊस लागला की ती आपल्याला ओळखेल, यावर आबा दिवस काढत होते. होळीच्या आसपास त्यांनी पाचवी बोट काढली आणि स्वतःच अडकले. माय काळजीने म्हणाली, "इतक्या बोटी झाल्यावर त्यायला सुट्टी कशी भेटंल?" आबांना मग घाईघाईने नवीन खलाशी भरती करावे लागले.

उन्हाळ्यात मायचं खाणं तुटलं. भाकरीचा चतकोर, मग नुसती पेज, मग तीही दोन घोट. अंगावरचं लुगडं मोठं झाल्यासारखं दिसू लागलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार दवाखाना करू नका. मी याच वर्षी निवृत्त झाले होते. कपड्यांची पिशवी घेऊन गावीच येऊन राहिले. आबा मायच्या खाटेजवळ बसून ओला पंचा तिच्या कपाळावर ठेवत आणि बोटी चालवत. आवाज उतरला होता. मायला ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. एका दुपारी ते मध्येच थांबून मला म्हणाले, "एकदा वळखून जाऊ दे. मंग काय व्हायचं ते होऊ दे."

मृग कोरडा गेला. भाऊ सोयाबीनचं बियाणं आणून आभाळाकडे बघत होता, आणि आबाही बघत होते. दोघं ओट्यावर शेजारी बसून एकाच ढगाबद्दल बोलत, पण दोघांचं मागणं वेगळं होतं. नंतर एका संध्याकाळी पाऊस आला. चांगला आला, नाले वाहिले. आबांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले आणि खाटेजवळ जाऊन उभे राहिले. मायने डोळे उघडले.

"पाव्हणे, भिजलात की," ती म्हणाली. "बसा."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आबांनी 'वळखलं का' म्हणून विचारायचं सोडून दिलं. जेवायला बसायचे आणि ताट तसंच ठेवून उठायचे. मी त्यांना म्हणाले, तिला त्रास नाही, ती सुखात आहे, तेवढं पुरे करून घ्या. बोलले खरी, पण मलाही ते पुरत नव्हतं. ती त्यांना न ओळखता गेली असती तर मी देवाशी भांडले असते.

वाफसा झाला आणि भावाने पेरणी धरली. ट्रॅक्टर मिळाला होता, पण शेवटच्या कोपऱ्यात तो वळेना, म्हणून तेवढ्या ओळी बैलांनी पेरायच्या होत्या. आबा पंचाऐंशीच्या घरातले, आम्ही नको नको म्हणत असताना उतरले. सकाळच्या वेळी परत आले ते गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने भरलेले, धोतर वर खोचलेलं, डोक्याला पंचा. पाणी मागायला ते तसेच दारात आले. मी मायला उशीला टेकवून बसवत होते.

माय त्यांच्याकडे बघत राहिली.

"कधी आलात?" ती म्हणाली.

माझा हात उशीवरच थांबला. आबा उंबऱ्यात, पाय न हलवता.

"आत्ताच," ते म्हणाले.

"आन् आल्या आल्या वावरात? घरात तोंड दाखवायची रीत हाय का न्हाई? पाय धुवा आधी. समदं घर चिखलानं भरवाल."

आबांनी पाय धुतले नाहीत. तसेच आत आले आणि खाटेशी खाली बसले. तिने त्यांच्या डोक्यावरचा पंचा काढला, त्याच्याच कोपऱ्याने त्यांच्या गालावरचा चिखल पुसायला लागली. हाताला जोर नव्हता, चिखल नुसता पसरत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"तुमच्या कंपनीचा एक माणूस व्हता इथं," ती म्हणाली. "दिसंना आज. गेला वाटतं."

"कसा व्हता?"

"चांगला व्हता. मला उठवायचा, बसवायचा. तुमच्यावाणी मुका नव्हता, लई बोलायचा." ती दम खायला थांबली. "दिवाळीला व्हता. उन्हाळाभर व्हता. तुमी काही आलात न्हाई."

आबांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मीच धाडला व्हता त्याला," ते म्हणाले.